मानपत्रातलं एक वाक्य

१७ मार्च २०२४ ला चेन्नईच्या म्युझिक अकादमीनं त्या वर्षीच्या ‘संगीत कलानिधी’ या किताबासाठी गायक टी. एम. कृष्णा यांचं नाव जाहीर केलं. निवेदन छोटंसं होतं. भरदार आवाज, कलेच्या परंपरेशी राखलेली निष्ठा, मैफलीच्या मांडणीत केलेले प्रयोग, वेगवेगळ्या सामाजिक थरांत संगीत नेऊन वाढवलेला श्रोतृवर्ग, या सगळ्याचा त्यात उल्लेख होता. आणि एक वाक्य असं होतं, की कृष्णा यांनी संगीत हे समाजसुधारणेचं साधन म्हणून वापरलं आहे.

चार दिवसांनी अकादमीला दुसरं पत्र लिहावं लागलं. निवडीवर आक्षेप घेणाऱ्या कलाकारांना अकादमीचे अध्यक्ष एन. मुरली यांनी उत्तर दिलं. त्याचा गाभा असा, की ही निवड केवळ दीर्घ कारकिर्दीतल्या सांगीतिक गुणवत्तेवर झाली आहे, बाहेरच्या कुठल्याही गोष्टीचा निवडीवर परिणाम झालेला नाही.

हे दोन कागद शेजारी ठेवले की मी अडखळतो. समाजसुधारणेचं काम पहिल्या कागदात निवडीच्या कारणांमध्ये आहे. दुसऱ्या कागदाप्रमाणे ते विचारातच घेतलेलं नाही. या प्रकरणावर पुढे खूप आरडाओरडा झाला, न्यायालयाच्या पायऱ्याही चढून झाल्या, पण माझ्या मते मूळ पेच या दोन कागदांच्या मध्ये आहे. सामाजिक कामासाठी कलावंतांचा गौरव करणाऱ्या कुठल्याही संस्थेनं हे प्रकरण नीट वाचायला हवं.

किताब काय आहे

काँग्रेसचं १९२७ चं अधिवेशन मद्रासला भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी उभी राहिली. दर वर्षी डिसेंबरात तिची परिषद भरते. त्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या कलाकाराला १९४२ पासून ‘संगीत कलानिधी’ म्हणू लागले. कर्नाटक संगीतात याच्या वर काही नाही, अशीच सर्वसाधारण भावना आहे.

किताबाचं व्यावहारिक रूप लक्षात घेतलं नाही तर पुढचं भांडण कळणार नाही. हा एका संध्याकाळी शाल पांघरून संपणारा सत्कार नव्हे. ज्याची निवड होते तो परिषदेतल्या सकाळच्या विद्वत्सभांचं अध्यक्षपद सांभाळतो. सप्रयोग व्याख्यानं होतात, चर्चा होतात, आणि खुर्चीत तो बसलेला असतो. परिषद संपताना १ जानेवारीच्या ‘सदस’ या समारंभात किताब हाती येतो. म्हणजे त्या हंगामात अकादमीच्या मंचावर गाणारा प्रत्येक जण एका अर्थानं त्याच्या अध्यक्षतेखाली गातो. ज्यांना तो माणूस मान्य नाही त्यांना ‘दुर्लक्ष करू’ म्हणून सुटता येत नाही.

कृष्णा यांचं काम

कृष्णा यांचा जन्म १९७६ चा. भागवतुल सीताराम शर्मा यांच्याकडे त्यांची तालीम झाली, सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर यांच्याकडेही ते शिकले. चाळिशी गाठण्याआधीच ते पहिल्या फळीचे गायक होते, याबद्दल त्यांचे विरोधकही वाद घालत नाहीत. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, की हे संगीत ऐकायला सभागृहात येतं कोण, आणि येत नाही कोण? कर्नाटक संगीताचा मंच आणि श्रोतृवर्ग मोठ्या प्रमाणात एकाच जातीपुरता आखडला आहे हे त्यांनी उघडपणे लिहिलं. २०१५ मध्ये त्यांनी चेन्नईतल्या डिसेंबरच्या मैफलींच्या हंगामात गाणं सोडल्याचं जाहीर केलं. बाहेरच्या वाचकाला यातली किंमत चटकन कळणार नाही. चेन्नईतल्या गायकाचं वर्षभराचं नाव त्या चार-पाच आठवड्यांत ठरतं.

नुसतं सोडून ते बसले नाहीत. चेन्नईत बेझंट नगरच्या किनाऱ्याला लागून ऊरूर ओल्कॉट कुप्पम ही कोळ्यांची वस्ती आहे. तिथे पर्यावरण कार्यकर्ते नित्यानंद जयरामन आणि वस्तीतले लोक यांच्यासोबत २०१५ पासून त्यांनी एक उत्सव सुरू केला. कर्नाटक गायन आणि पराईआट्टम, म्हणजे पराई वाजवत केलेला नाच, एकाच मांडवात. पराई हे तमिळनाडूत दलितांशी, अंत्ययात्रेशी जोडलं गेलेलं वाद्य. ते आणि राग-आलापना एकाच मंचावर येणं ही गोष्ट दोन्ही बाजूंना सवयीची नव्हती.

२०१७ च्या सुरुवातीला त्यांनी चेन्नईच्या उत्तरेकडच्या एण्णूर खाडीसाठी गाणं केलं. औष्णिक वीजकेंद्रांची राख, भराव, उद्योगांचं अतिक्रमण यांनी ती खाडी गुदमरते आहे. गाण्याचा विषय होता ‘पोरंबोक्कु’ हा शब्द. मुळात त्याचा अर्थ सामायिक जमीन, आपल्याकडच्या गायरानासारखी, जिच्यावर सारा बसत नाही आणि जी सगळ्यांची असते. चेन्नईच्या बोलीत त्याची शिवी झाली: निरुपयोगी, फालतू माणूस. शब्द लिहिले काबेर वासुकी यांनी, तेही रस्त्यावरच्या तमिळमध्ये, आणि चाल बांधली शुद्ध रागमालिकेत. ज्या भाषेला सभागृहात प्रवेश नव्हता ती भाषा रागांच्या एकेका अंगातून फिरते, आणि शिवी पुन्हा जमिनीचं नाव होते. समाजसुधारणेचं साधन म्हणून संगीत हा शब्दप्रयोग एरवी मला फार मोघम वाटतो. इथे तो मोघम राहत नाही. या कामातून राग वजा केला तर काम उरत नाही, आणि खाडी वजा केली तर गाणं उरत नाही.

तिसरी गोष्ट मृदंगाची. ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे त्यांचं २०२० चं पुस्तक मृदंग घडवणाऱ्यांवर आहे. खोड फणसाचं, तोंडांवर आणि वादीला गाय, शेळी, म्हैस यांचं कातडं. ते निवडणारे, कमावणारे, ताणून बसवणारे कारागीर बहुतेक दलित ख्रिस्ती. वादक बहुतेक ब्राह्मण. पालघाट मणी अय्यर यांच्या मृदंगाचा नाद ज्यानं घडवला त्या परलांदू यांचं नाव मैफलीच्या पत्रिकेवर छापलं जात नसे. एका वाद्यात दोन माणसांचे कान खर्ची पडतात, पण श्रोत्याला एकच दिसतो. या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी मिळालेलं सभागृह ऐन वेळी काढून घेण्यात आलं आणि कार्यक्रम एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझममध्ये करावा लागला. कारण दिलं गेलं, की पुस्तकातला मजकूर वादग्रस्त आणि राजकीय छटेचा आहे.

याआधी, २०१६ मध्ये, कृष्णा यांना फिलिपिन्समधल्या मनिलाहून दिला जाणारा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी हातानं मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध लढणारे बेझवाडा विल्सन यांनाही मिळाला. कृष्णा यांच्यासाठीच्या गौरववाक्यात ‘कलावंत आणि पुरस्कर्ता’ या दोन्ही भूमिकांचा एका दमात उल्लेख आहे, आणि भारतातल्या खोल सामाजिक भेगा सांधण्याच्या कलेच्या ताकदीवर त्यांची निष्ठा असल्याचं म्हटलं आहे. मनिलाच्या त्या वाक्यात कुठेही आडपडदा नाही.

आक्षेप

२० मार्चला रंजनी आणि गायत्री या गायिका भगिनींनी अकादमीला पत्र लिहून ते जाहीरही केलं. २०२४ च्या परिषदेतून आणि २५ डिसेंबरच्या आपल्या मैफलीतून त्यांनी माघार घेतली. कृष्णा यांनी कर्नाटक संगीताच्या समाजाच्या भावना पायदळी तुडवल्या, संत-रचनाकार त्यागराज आणि गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासारख्या आदरस्थानांचा अवमान केला, कर्नाटक संगीतकार असणं ही लाजेची गोष्ट आहे असं चित्र उभं केलं, हे त्यांचे आरोप. द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांचा गौरव हा आणखी एक. कृष्णा यांनी पेरियारांवरची तमिळ लेखक पेरुमल मुरुगन यांची रचना गायली होती. ब्राह्मणांविषयी पेरियारांनी वापरलेल्या भाषेकडे बोट दाखवून असा गौरव धोक्याचा आहे, असं भगिनींचं म्हणणं. त्यांच्यामागोमाग त्रिचूर बंधू, प्रवचनकार दुष्यंत श्रीधर अशा आणखी काहींनी अंग काढून घेतलं.

या पत्राशी माझं जमत नाही. तरी ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अकादमीत नाताळच्या दिवशी गायला मिळणं ही हातची सोडून देण्याची गोष्ट नव्हे, ती त्यांनी सोडली. ज्यांच्यासाठी त्यागराजांची कृती म्हणजे आधी भक्ती आणि मग संगीत आहे, त्यांना भक्ती बाजूला ठेवून शुद्ध संगीताची चर्चा करणं हेच मुळात दुखतं. ते दुखणं खरं आहे. फक्त त्या दुखण्यावरून एखाद्याच्या गळ्याची आणि कामाची पात्रता ठरवावी का, इथे माझं उत्तर नाही असं आहे.

पण पत्रातली एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मान्य करतो. अकादमीचं मूळ निवेदन या भगिनींनी अकादमीपेक्षा जास्त गांभीर्यानं वाचलं होतं. समाजसुधारणेबद्दल गौरव करताय ना, मग ती सुधारणा आम्हाला मान्य नाही, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. त्याला सरळ उत्तर देता आलं असतं.

उत्तर, आणि त्यातली फट

मुरली यांचं उत्तर कडक होतं. पत्रातली विधानं अनाठायी आणि बदनामीच्या जवळ जाणारी आहेत, संस्थेला उद्देशून लिहिलेलं पत्र समाजमाध्यमांवर टाकणं शिष्टाचाराला धरून नाही, असं त्यांनी सुनावलं. निवड मागे घेतली नाही. हंगामाच्या तोंडावर कलाकार गळत असताना, स्वतःच्या जुन्या श्रोत्यांचा रोष ओढवून घेत अकादमी जागची हलली नाही. हे धैर्य मोठं आहे. अशा वेळी ‘तांत्रिक कारणास्तव’ पुरस्कार पुढे ढकलणाऱ्या संस्था आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

मात्र बचाव करताना ढाल निवडली ती ‘फक्त संगीत’ ही. मी एकदा एका छोट्या पुरस्काराच्या निवड समितीत होतो. एका लोककलावंताच्या मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आला, त्यातली तिच्या जमिनीच्या लढ्याची ओळ कुणीतरी ‘वाद नको’ म्हणून पेन्सिलीनं खोडली होती. मीही ती ओळ परत घातली नाही. समारंभात मानपत्र वाचलं गेलं तेव्हा ती शांतपणे ऐकत होती, आणि मला मान वर करता आली नाही. त्या संध्याकाळपासून मानपत्रातलं काय राहिलं आणि काय गळलं, इकडे माझं लक्ष आधी जातं.

ढालीचा फायदा उघड आहे. कृष्णा यांच्या गाण्यावर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं, त्यामुळे त्यांची निवड वाचली. अध्यक्षांनी त्या दिवशी ‘होय, ही सुधारणा आम्हाला मोलाची वाटते’ असं लिहिलं असतं तर आणखी किती कलाकार गेले असते, सभासदांत काय उठलं असतं, याची कल्पना करता येते. जबाबदारीच्या खुर्चीतल्या माणसाला हा हिशोब करावा लागतो.

तरी किंमत कुणी मोजली ते पाहा. सामाजिक काम एकदा ‘बाहेरची गोष्ट’ ठरलं की कुप्पममधला मांडव, एण्णूरची खाडी, परलांदूंचा कान हे सगळं गौरवाच्या बाहेर पडतं. आत उरतो एक उत्तम ब्राह्मण गायक, ज्याला एका जुन्या संस्थेनं तिच्या रिवाजाप्रमाणे किताब दिला. पहिल्या निवेदनातलं वाक्य एवढंच सांगत होतं, की हे काम संगीताच्या आतलं आहे, श्रोतृवर्ग वाढवणं ही कलेची सेवा आहे. ते वाक्य उचलून धरलं असतं तर अकादमीला राजकारणात शिरावं लागलं नसतं. पेरियारांविषयी एक अक्षरही न लिहिता तिला म्हणता आलं असतं, की कोळ्यांच्या वस्तीत राग गाणं आम्ही संगीतकार्य मानतो.

पैसा एकाचा, किताब दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचं

प्रकरणाचा दुसरा अंक न्यायालयात झाला, आणि तो पुरस्कार चालवणाऱ्यांसाठी फार शिकण्यासारखा आहे.

संगीत कलानिधीच्या मानकऱ्याला २००५ पासून ‘द हिंदू’ वृत्तपत्र समूह एक लाख रुपयांचा पुरस्कार देत आला, ‘संगीत कलानिधी एम. एस. सुब्बुलक्ष्मी पुरस्कार’ या नावानं. सुब्बुलक्ष्मी डिसेंबर २००४ मध्ये गेल्या होत्या. म्हणजे किताब अकादमीचा, रक्कम वृत्तपत्राची आणि नाव एका दिवंगत गायिकेचं. वर्षानुवर्षं तीन धागे एकाच गाठीत बसले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही की ते तीन आहेत.

सुब्बुलक्ष्मी यांच्या नातवानं मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. कृष्णा यांनी २०१५ मध्ये सुब्बुलक्ष्मींवर दीर्घ लेख लिहिला होता. देवदासी परंपरेतल्या घरातून आलेल्या या गायिकेची सार्वजनिक प्रतिमा कशी घडत गेली, याची त्यात चिकित्सा होती. कुटुंबाला ती अवमानकारक वाटली. पण दाव्यात कळीचा कागद ठरला तो सुब्बुलक्ष्मींचंच मृत्युपत्र, ३० ऑक्टोबर १९९७ चं. आपल्या नावे कुठलाही न्यास, प्रतिष्ठान किंवा स्मारक उभारू नये, पुतळा करू नये, निधी गोळा करू नये, असं त्यात लिहिलेलं आहे.

१९ नोव्हेंबर २०२४ ला एकल न्यायमूर्तींनी सुब्बुलक्ष्मींच्या नावे पुरस्कार द्यायला मनाई केली. अकादमीनं कृष्णा यांचा गौरव करायला हरकत नव्हती. १३ डिसेंबरला खंडपीठानं तो आदेश रद्द केला, कारण नातू मृत्युपत्राचा लाभार्थी नसल्यामुळे त्याला दावा लावायचा अधिकार नव्हता. १५ डिसेंबरला पुरस्कार दिला गेला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला: कृष्णा यांना सुब्बुलक्ष्मींच्या नावाच्या पुरस्काराचे मानकरी समजू नये, आणि त्यांनीही तसं सांगू नये. हा आदेश म्हणजे त्यांच्या गायनावर किंवा गुणांवर शेरा नव्हे, हेही न्यायालयानं स्पष्ट केलं.

आधीची इतकी वर्षं हा पुरस्कार त्याच नावानं बिनबोभाट दिला गेला. मृत्युपत्र तेव्हाही होतं. नको असलेला मानकरी आला तेव्हाच ते बाहेर निघालं, हे खरं. पण म्हणून मृत्युपत्रातली इच्छा खोटी ठरत नाही. मृत व्यक्तीचं नाव पुरस्काराला देताना तिला ते हवं होतं का, हे विचारायची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. पुरस्कार देणाऱ्यांनी निदान कुटुंबाशी लेखी बोलून ठेवावं, आणि किताब, रक्कम व नाव यांचे कागद वेगवेगळे ठेवावेत. एकाला धक्का लागला तरी बाकीचे उभे राहतात. अकादमीचा किताब या वादळात टिकला, तो वेगळा होता म्हणूनच.

या भांडणात एक गोष्ट फार कमी जणांनी काढली. सुब्बुलक्ष्मींनाही मॅगसेसे मिळाला होता, १९७४ मध्ये, आणि तो लोकसेवेच्या विभागात. चार दशकं सार्वजनिक कामांसाठी मैफली करून त्यांनी जो पैसा उभा करून दिला, त्याचा उल्लेख त्यांच्या गौरववाक्यात भक्तिगायनाच्या बरोबरीनं आहे. ज्यांच्या नावाचं रक्षण करायला माणसं उभी राहिली आणि ज्यांच्यापासून ते करायचं होतं, त्या दोघांना मनिलातल्या एकाच संस्थेनं, बेचाळीस वर्षांच्या अंतरानं, जवळपास एकाच गोष्टीसाठी गौरवलं होतं: सुरांचा उपयोग सुरांपलीकडच्या माणसांसाठी केला म्हणून. दोघांची वाट वेगळी. त्या प्रस्थापित मंचावर उभ्या राहून देत राहिल्या, हे मंचावरून उतरून विचारत राहिले.

परतणं

कृष्णा यांनी किताब स्वीकारावा का, हा प्रश्न त्यांच्या बाजूच्या लोकांनाही पडला होता. ज्या हंगामावर टीका करून बाहेर पडलात, त्याच्या खुर्चीत कसे बसणार? मला हा आक्षेप पटत नाही. बाहेर जाणं हा त्यांच्या म्हणण्याचा एक भाग होता, म्हणणं नव्हतं. संस्थेनं टीकाकाराला अध्यक्षपद दिलं तर सकाळच्या सभेत विचारले जाणारे प्रश्न बदलण्याची संधी त्याला मिळते, आणि ती नाकारून वस्तीतल्या कुणाचंच भलं होत नव्हतं.

डिसेंबर २०२४ च्या हंगामात ते अकादमीच्या मंचावर पुन्हा गायले, परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं आणि १ जानेवारी २०२५ च्या सदसमध्ये किताब घेतला. रकमेच्या पुरस्काराचे मानकरी म्हणवून घ्यायला न्यायालयाची बंदी होती. किताबाच्या यादीत मात्र १९६८ च्या ओळीत एम. एस. सुब्बुलक्ष्मी हे नाव आहे, तो मिळवणारी पहिली स्त्री म्हणून, आणि २०२४ च्या ओळीत टी. एम. कृष्णा.